येते

"मगदूम साहेब आले! उभे राहा रे सगळे!"

गायधनी सर रोज सकाळी असं ओरडायचे आणि ऑफिसातली पोरं खरंच उभी राहायची. कारण काय, तर नोकरीच्या पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून म्हणालो होतो, "नमस्कार सर, मी आलो." मी म्हणजे सुनंदा मगदूम. पंजाबी ड्रेस, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, खांद्याला पर्स. आमच्या कागल-गडहिंग्लजकडं बायका अशाच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी झोपतो. आई तशीच बोलते, मावशी तशीच बोलते, शाळेतल्या बाईसुद्धा "मी आज परीक्षा घेणार होतो" म्हणायच्या आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. नाशकात आलो आणि एकदम साहेब झालो.

सुरुवातीला चिडायचो. मग ठरवलं, हसा किती हसायचं ते, मी काही बदलत नाही. आज इतक्या वर्षांनी ही गोष्ट सांगतानाही तसंच बोलणार आहे. कुणाला खटकलं तर खटकू दे.

गायधनी सरांची कंपनी म्हणजे कॉलेज रोडला चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. शाळांच्या, पतसंस्थांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो. त्यात एकदा इंदुताई सोमवंशी आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, करड्या आवाजाच्या. त्यांची 'ओसरी' नावाची संस्था होती. घरात मारझोड सोसणाऱ्या बायकांना राहायला वसतिगृह आणि हाताला काम, असं त्या बघायच्या. त्यांना अशी साइट हवी होती, की बाईनं घरबसल्या गुपचूप खातं उघडावं, निरोप लिहावा आणि संस्थेनं उत्तर द्यावं. वसतिगृहाचा पत्ता मात्र साइटवर कुठंही द्यायचा नाही. पूर्वी एकीचा दीर कोयता घेऊन दारात आला होता, तेव्हापासून पत्ता फक्त येणाऱ्या बाईलाच आणि तोही शेवटी सांगायचा, असा त्यांचा नियम होता.

साइट तयार झाल्यावर त्या बघायला आल्या आणि एका बटणावर बोट ठेवून थांबल्या.

"हे 'बाहेर पडा' काय आहे?"

"ताई, काम झालं की ते दाबायचं," सर म्हणाले. "म्हणजे खातं बंद होतं. मागून दुसरं कुणी बसलं तरी त्याला ते उघडत नाही."

"अहो, जिला आयुष्यभर 'घरातून बाहेर पड' हेच ऐकावं लागलं, तिला तुम्ही पण तेच सांगणार? आपल्यात निघताना 'जाते' सुद्धा म्हणत नाहीत. अशुभ मानतात. 'येते' म्हणतात. 'येते' लिहा तिथं."

सर हसले आणि त्यांनी तिथल्या तिथं बदललं. आम्हा सगळ्यांना ते फार आवडलं. बायकांची साइट, आणि निघताना बाई म्हणणार, येते. मी तर घरी आईला फोन करून सांगितलं.

इंदुताईंच्या ऑफिसात कंप्युटरवर सराईत कुणी नव्हतं, म्हणून तिथलं माणूस तयार होईपर्यंत निरोप मीच वाचायचो आणि इंदुताईंना फोनवर विचारून उत्तरं लिहायचो. आमच्या ऑफिसात बाई म्हणजे मी एकटीच. सर म्हणाले, "साहेब, हे खातं तुमच्याकडं."

त्यातच एक दिवस शालनचा निरोप आला.

'ताई मी शालन. गडहिंग्लजकडची. लगीन होऊन नाशकात आलो त्याला लई वर्षं झाली. मी शिवणकाम करतो, पिको फॉल पण करतो. तुमच्याकडं जागा मिळंल का.'

मी खुर्चीतच उडालो. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्यासारखं बोलत होतं! मी लगेच लिहिलं, 'अगं मीपण कागलची.' पलीकडून उत्तर आलं, 'खरं सांगतीस? मग मी तुझ्याशी मोकळं बोलतो.'

आणि ती बोलायची. नवऱ्याच्या ट्रका होत्या. गल्लीत सगळे त्याला देवमाणूस म्हणायचे. हिशेबासाठी घरात कंप्युटर होता, सकाळी तो बाहेर पडला की ही उघडायची. मोबाइल त्यानं काढून घेतला होता. एकदा तिनं लिहिलं, 'मी येतो म्हटलं की मालक तोंडावर मारत्यात. बाईसारखं बोल म्हणत्यात. मी लई ध्यानात ठेवतो पण चुकून येतंयच गं तोंडात.'

ते वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या बोलण्यावरून मला इथं चहाबरोबर चेष्टा मिळायची, त्याच बोलण्यापायी तिला मार बसत होता. त्या दिवशी सर "साहेब" म्हणाले तेव्हा मी त्यांच्याकडं अशी बघितलो की ते गप्पच बसले.

सुरुवातीलाच तिनं मला विचारलं होतं, 'येते दाबलं की मागनं कुणाला दिसत न्हाई न्हवं?' मी सरांना विचारून घेतलं. सर म्हणाले, "काही दिसत नाही, सांग तिला." मी तसं सांगितलं, आणि तेव्हा ते खरंही होतं. तेव्हापासून प्रत्येक निरोपाच्या शेवटी ती लिहायची, 'आता येते दाबतो.' मला हसू यायचं त्याचं.

पुढं एका वर्तमानपत्रात ओसरीवर लेख आला आणि साइटवर बायकांची रीघ लागली. सर्व्हर बसला. सकाळी घरातली माणसं कामाला गेली की सगळ्याजणी एकदमच यायच्या आणि पान उघडता उघडेना. इंदुताईंचे फोनवर फोन. "एखादीला तेवढा एकच तास मिळतो हो, आणि तुमचं ते चाक नुसतं फिरतच राहतं!"

सर दोन दिवस मान खाली घालून बसले. तिसऱ्या दिवशी साइट अशी पळायला लागली की बोट लावलं की पान हजर.

"सर, काय केलंत?"

"जादू," सर म्हणाले आणि शर्टाची कॉलर ताठ केली. इंदुताईंनी ऑफिसला घरचा चिवडा पाठवला.

एकच गोष्ट मला जरा विचित्र वाटायला लागली. माझ्याकडच्या पानावर, जी बाई साइटवर आत असेल तिच्या नावापुढं हिरवा दिवा लागायचा. पूर्वी 'येते' दाबलं की तो विझायचा. आता विझत नव्हता. शालन 'येते दाबतो' लिहून गेली, तरी तिचा दिवा दुपारी लागलेला, संध्याकाळी लागलेला, दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आलो तरी लागलेलाच. सरांना म्हटलं तर ते म्हणाले, "गर्दी आहे ना, दिवे विझायला वेळ लागतो." खरं सांगतो, मला तो दिवा बघून बरंही वाटायचं. वाटायचं, आहे पोरगी, जागेवर आहे.

अखेर इंदुताईंनी तिला आणायचा दिवस ठरवला. गुरुवारी ती दळण घेऊन बाहेर पडणार, गिरणीपाशी ओसरीची जीप उभी असणार, आणि थेट वसतिगृहात. मी तिला तसं कळवलं. तिचं उत्तर आलं, 'बरं. दळणाच्या डब्यात दोन साड्या घालून घेतो. ताई मला भ्या वाटतंय पण मी येतो. आता येते दाबतो.'

बुधवारी सकाळी ऑफिसात आलो तर तिचा नवा निरोप येऊन पडला होता.

'ताई, जीप नको. लोक बघतील. मी स्वतः रिक्षाने येते. वसतिगृहाचा पूर्ण पत्ता पाठवा. मी लवकरच येते.'

मी इंदुताईंना फोन लावून वाचून दाखवलं.

"घाबरली असेल जीपला," त्या म्हणाल्या. "होतं असं शेवटच्या दिवशी. एकटी येते म्हणतेय तर येऊ दे. पाठव पत्ता."

मी पत्ता टाइप केला. गल्ली, खूण, फाटकाचा रंग, सगळं. बोट बटणावर ठेवलं. आणि का कुणास ठाऊक, निरोप पुन्हा एकदा वाचला, या वेळी मनातल्या मनात तिच्या आवाजात. तिचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता, पण रोज वाचून वाचून तो माझ्या कानात बसला होता. हे वाक्य त्या आवाजात बसेचना.

मी येते. मी स्वतः येते. मी लवकरच येते.

मी पत्ता पुसून टाकला आणि ओरडलो, "सर! हिकडं या! आधी हिकडं या!"

सर चहाचा कप घेऊन आले. "काय झालं साहेब?"

"ही शालन नव्हं. हे लिहिणारं माणूस दुसरं आहे."

"कशावरून?"

"येते लिहिलंय."

सरांनी पडद्यावरचा निरोप वाचला. मग हसले. "अगं, शुद्ध लिहिलं म्हणून संशय? रोज आपल्या बटणावर 'येते' वाचते ती. शिकली असेल."

"सर, मी तुमच्या ऑफिसात दोन वर्षं बसतो. तुम्ही रोज हसता. मी शिकलो?"

त्यांचं हसू मावळलं.

"घरात बोलताना ती चुकते आणि मार खाते, सर. इथं ती मोकळं बोलायची. तिचा एक निरोप दाखवा ज्यात ती येते म्हणालीय. 'येते दाबतो' म्हणते ती, येते दाबतो! हा कुणीतरी बाई होऊन लिहायलाय. आणि बाईनं कसं बोलावं हे त्याला फार चांगलं माहीत आहे."

"पण त्याला पासवर्ड कुठून मिळणार? ती काय लिहून ठेवणार आहे?"

"ते तुम्ही बघा. तुमचा सर्व्हर आहे."

सरांनी कप तिथंच ठेवला आणि सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. कोण कधी आत आलं, कुठलं पान बघितलं, सगळं तिथं उतरलेलं असतं. ते वाचत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"पासवर्ड टाकलेलाच नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "काल दुपारी तिनं 'येते' दाबलंय. आणि काल संध्याकाळी त्याच कंप्युटरवरून... पासवर्ड न टाकताच खातं उघडलंय."

"असं कसं उघडेल? 'येते' दाबलं की बंद होतं ना?"

सर नोंदी पुन्हा वरपासून वाचायला लागले.

"सर, बंद होतं ना?"

"सुनंदा, सगळ्यात जड काम दार उघडायचं असतं," ते म्हणाले. साहेब न म्हणता ते पहिल्यांदाच माझं नाव घेत होते. "पासवर्ड तपासायचा, खातं शोधायचं, नवीन सेशन द्यायचं. सेशन म्हणजे... लग्नाच्या हॉलवर जेवणाचं कूपन देतात ना, तसं. एकदा दिलं की ते दाखवून आत-बाहेर करता येतं. 'येते' दाबलं की ते कूपन फाडायचं असतं. मी फाडायचं थांबवलं. नुसतं पहिलं पान दाखवत होतो. बाई परत आली की जुन्याच कूपनावर आत. सर्व्हरवरचं ओझं निम्म्यानं उतरलं त्यामुळं."

"आणि मागून दुसरं कुणी बसलं तर?"

"मला वाटलं, ती येते म्हणाली आहे," सर म्हणाले. "म्हणजे परत येणारच. कडी कशाला लावायची?"

मला त्यांना फाडून खावंसं वाटलं. इतके दिवस तो हिरवा दिवा जळत होता आणि मी त्याच्याकडं बघून खूश होत होतो. सगळ्या बायकांचे दिवे जळत होते. सगळ्यांच्या घराची दारं सताड उघडी होती.

सरांनी कीबोर्ड ओढला. "आत्ताच्या आत्ता मारतो तिचं सेशन. बाहेर काढतो त्याला."

मी त्यांचा हात धरला. बॉसचा हात, पण धरला.

"थांबा! आत्ता दार लावलं तर त्याला कळेल आपल्याला कळलंय. ती तिथंच आहे सर. त्याच्याच घरात."

त्यांनी कीबोर्ड सोडून दिला. आतापर्यंत जे बंद व्हायला हवं होतं, तेच आता चालू ठेवायचं होतं. त्यानं पान उघडं ठेवलं होतं. पुन्हा पुन्हा ताजं करून उत्तर आलं का बघत होता. सर्व्हरच्या नोंदीत प्रत्येक वेळी एक ओळ वाढायची. तो बसला होता. वाट बघत होता. काल संध्याकाळनंतर शालनचं काय झालं असेल, हा विचारच करवत नव्हता.

इंदुताईंना सगळं सांगितलं. मग त्यांचा तो करडा आवाज आला. "तिनं खातं उघडताना घरचा पत्ता दिलाय ना? तो मला सांग. आणि त्याला लिही की सिन्नरच्या स्टँडवर ये. आज दुपारीच ये. आमची बाई तिथून घेऊन जाईल. तो घरातून हलला की मला कळव."

"ताई, तो हलला हे मला कसं कळणार?"

"तुझ्या त्या यंत्राला कळेल ना?"

मी लिहिलं. एकेक अक्षर दोनदा पुसून लिहिलं. 'शालन, पत्ता असा लिहून देता येत नाही. आजच ये. दुपारी सिन्नरच्या स्टँडवर उभी राहा. आमची बाई निळ्या साडीत असेल.' संस्थेचा निरोप वाटावा म्हणून मुद्दाम शुद्ध लिहिलं, कोरडं लिहिलं.

उत्तर लगेच आलं.

'बरं ताई. निघते.'

त्यानंतरही ओळ वाढली. पुन्हा एक वाढली. तो काहीतरी परत परत वाचत होता. माझे आणि तिचे जुने निरोप असणार. आम्ही दोघंही पडद्याला डोळे लावून बसलो. पोरांना कळत नव्हतं काय चाललंय. पंखा फिरत होता, खालच्या दुकानातून लेन्स घासायच्या यंत्राचा आवाज येत होता. मग ओळी थांबल्या. आम्ही थांबलो. चहा गार झाला. ओळ आली नाही.

"गेला," सर म्हणाले.

"का झोपला? का तिच्याकडं गेला आतल्या खोलीत?" मी म्हणालो. मला रडू फुटत होतं. "नुसतं गप्प झालंय सर, गेला कशावरून?"

"याहून जास्त नाही कळत गं यावरून."

तेवढ्यावरच इंदुताईंना फोन केला. त्या जीप घेऊन गल्लीच्या तोंडाशी आधीच उभ्या होत्या, बरोबर पोलीस ठाण्यातल्या एक हवालदार बाई. पुढचं मी ऐकलेलं सांगतो. दाराला बाहेरून मोठं कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, घरात कुणी नाही, भाऊ आत्ताच गाडी घेऊन गेले. हवालदार बाईंनी कुलूप तोडायला लावलं. शालन मोरीजवळ भिंतीला टेकून बसली होती. शेजारी दळणाचा डबा पालथा पडला होता आणि दोन साड्या गव्हात पसरलेल्या होत्या.

आमच्या ऑफिसातला फोन वाजला तेव्हा सरांनी उचलला नाही, माझ्याकडं सरकवला.

"बोल तिच्याशी," इंदुताई म्हणाल्या. "तुझंच नाव घेतेय."

पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. तिचे ओठ सुजले होते, शब्द धड फुटत नव्हते. पण मी तो आवाज लगेच ओळखला.

"ताई," ती म्हणाली. "मी आलो."

मी टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडलो. सर उठून गॅलरीत गेले.

त्याच दिवशी सरांनी साइट थोडा वेळ बंद ठेवून सगळं पूर्ववत केलं. प्रत्येक बाईचं सेशन मारलं, एकेक दिवा विझत गेला. आता साइट हळू चालली तरी चालेल, असं इंदुताईंनीच बजावलं होतं. फक्त शालनचा दिवा ठेवला. हवालदार बाई म्हणाल्या होत्या, राहू दे, तो परत येऊन काय लिहितो बघू, उद्या कोर्टात लागेल.

मी घरी गेलो नाही. संध्याकाळ झाली, खालचं दुकान बंद झालं, आणि नोंदीत एक ओळ वाढली.

तो घरी परतला होता. तुटलेलं कुलूप त्यानं बघितलं असणार, गव्हातल्या साड्या बघितल्या असणार. सिन्नरच्या स्टँडवर निळ्या साडीची वाट बघत तो किती वेळ उभा राहिला असेल कुणास ठाऊक. मग दुसरी ओळ आली. तिसरी. मला वाटलं, आता शिव्या येणार, धमक्या येणार, मी वाचायला तयार होतो.

निरोप आला. त्यात एकच शब्द होता. आता बाईचं सोंग नव्हतं.

'येतो.'

मग हवालदार बाईंसाठी पान छापून घेतलं, आणि सर म्हणाले, "तू बंद कर." मी ते सेशन मारलं. शालनचा हिरवा दिवा विझला. पण त्यानं मला बरं वाटलं नाही. सर्व्हरवरून बाहेर काढणं सोपं असतं.

तो छापलेला 'येतो' शालननं कोर्टात वाचला. तिच्या नवऱ्याला काही महिन्यांची शिक्षा झाली, मग तो सुटला. तो कुठं आहे हे आम्हाला माहीत नाही, आणि आम्ही कुठं आहोत हे त्याला माहीत नाही, एवढंच आम्ही धरून चालतो. गायधनी सरांनी बटणावर पुन्हा 'बाहेर पडा' लिहिलं. इंदुताईंनी या वेळी हरकत घेतली नाही. मला परत कुणी साहेब म्हणालं नाही.

शालन आता दुसऱ्या गावात शिवणाचं दुकान चालवते. गाव सांगत नाही. मी सुट्टीला तिच्याकडं जातो, ती माझ्याकडं येते. आम्ही दोघी आमच्या बोलीत तोंड दुखेपर्यंत बोलतो, हसतो, भांडतो. आणि मग निघायची वेळ होते. ती पिशवी उचलते, चप्पल घालते, उंबऱ्याशी थांबते. माझी आई घरात असली की दचकते, कारण निघताना आपल्यात तसं म्हणत नाहीत.

"जातो," शालन म्हणते.

आणि मी तिला टोकत नाही.